आधी उगमापाशी, मग पाण्यात: शहराजवळच्या झऱ्यावर जाताना

गाडी लावली की बहुतेक माणसं थेट पाण्याकडे सुटतात. टॉवेल खांद्यावर, पोरं पुढे, मोठे मागे. तासभर डुंबणं होतं, फोटो होतात, डबे उघडतात आणि ऊन कलायच्या आत परतीची तयारी सुरू होते. एवढ्यात झरा मात्र कुणीच पाहिलेला नसतो. पाणी जमिनीतून जिथं वर येतं ती जागा, म्हणजे खरा उगम, पुष्कळदा पोहायच्या डोहापासून थोडी बाजूला असते, आणि तिथं चिटपाखरू नसतं.

मीही सुरुवातीला असंच करायचे. एकदा भाचीला घेऊन गेले, तर आदल्या दिवशीच्या पावसामुळे पाण्यात उतरायला मनाई होती. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून आम्ही दोघी वरच्या अंगाला, उगमाच्या कठड्यापाशी जाऊन बसलो. तिथं पाणी गढुळलेलं नव्हतं. तळाशी परातीएवढ्या गोलात पांढरी वाळू सारखी उसळत होती. एक कुजकं पान वरून हळूहळू खाली आलं, वाळूच्या कडेला टेकलं, खालून रेटा बसल्यासारखं उचललं गेलं, उलटं झालं आणि पुन्हा खाली आलं. आम्ही मोजलं: अकरा वेळा. बाराव्या वेळी ते प्रवाहाला लागलं आणि गेलं. भाची म्हणाली, "मावशी, खाली कुणी पाणी तापवतंय का?" मी कठड्यावर आडवी होऊन तिचा हात पाण्यापर्यंत पोचवला. पाणी गारेगार होतं.

तेव्हापासून झऱ्यावर जायची माझी रीत बदलली. पुढे जे लिहिलंय ते सगळं त्या एका बदलाभोवतीचं आहे: झऱ्याच्या उद्यानात झरा हाच मुख्य, पोहणं त्यानंतर.

झरा कोणत्या जातीचा, ते आधी माहीत करून घ्या

ही माहिती घरी बसून दहा मिनिटांत मिळते आणि पुढचे निम्मे निर्णय तिच्यावरच होतात.

साधा झरा असा बनतो. पाऊस जमिनीत मुरतो, खाली जाता जाता अशा थरावर येतो जिथून पुढे झिरपायला वाव नसतो. मग पाणी त्या थरावरून आडवं सरकायला लागतं. डोंगरउताराने किंवा दरीने तो थर जिथं उघडा पाडलेला असतो, तिथं ते बाहेर पडतं. अशा झऱ्याचं पाणी माती, वाळू, खडकाच्या बारीक भेगा यांतून सावकाश गाळून आलेलं असतं.

चुनखडीतला झरा वेगळा. पावसाचं पाणी हवेतून थोडा आणि मातीतून बराच कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं आणि चुनखडक विरघळवत जातं. हजारो वर्षांत भेगांची भुयारं होतात. असा झरा म्हणजे खरं तर जमिनीखालच्या नदीचं तोंड. फ्लोरिडातले मोठमोठे झरे, टेक्सासच्या ऑस्टिन शहरातला बार्टन झरा, बोस्नियातल्या सारायेव्हो शहराजवळ इगमान डोंगराच्या पायथ्याशी बोस्ना नदीचा उगम, हे सगळे या जातीचे. दक्षिण फ्रान्समधल्या फोंतेन द व्होक्लूझ या झऱ्याच्या तळापर्यंत १९८५ मध्ये एक यंत्र उतरवलं, तेव्हा खोली ३०८ मीटर भरली. वरून दिसतं ते एक हिरवंनिळं कुंड.

तिसरी जात ज्वालामुखीच्या सच्छिद्र खडकातल्या झऱ्यांची. जपानमध्ये मिशिमा आणि नुमाझु या शहरांच्या मध्ये काकिता नदीचं उद्यान आहे. फुजी पर्वतावरचा पाऊस आणि बर्फाचं पाणी लाव्हाच्या थरांतून वाहत येऊन इथं भर वस्तीत उसळतं. नदी उणीपुरी सव्वा किलोमीटर लांब, पण तिचं जवळजवळ सगळं पाणी तिथल्या झऱ्यांचं. तिथल्या एका सज्जातून खाली पाहिलं की पाण्यात गडद निळा गोल दिसतो. ती कापड गिरणीची जुनी विहीर आहे. गिरणी गेली, विहिरीतून झरा वाहतोच आहे.

याचा उपयोग काय? चुनखडीच्या भुयारातून पाणी वेगाने येतं, गाळलं जात नाही. दूर कुठं तरी जमिनीच्या भगदाडात शिरलेलं पाणी काही दिवसांत उगमाशी हजर होऊ शकतं आणि येताना वरची घाणही आणतं. म्हणून चुनखडीचा झरा असेल तर मोठ्या पावसानंतर किमान तीन दिवस थांबा. बाकीच्या झऱ्यांना पावसाने सहसा इतका चटकन फरक पडत नाही. त्यांच्यात पावसाचा परिणाम दिसायला पुष्कळदा आठवडे, महिने, कधी वर्षंही लागतात.

फलकावर 'पहिल्या श्रेणीचा झरा' असं काही वाचायला मिळालं तर ती जाहिरात समजू नका. अमेरिकी भूजलतज्ज्ञ ऑस्कर माइन्झर यांनी १९२७ मध्ये झऱ्यांच्या विसर्गानुसार आठ श्रेणी ठरवल्या. सेकंदाला सुमारे २,८०० लिटरच्या वर पाणी देणारा तो पहिल्या श्रेणीतला. पण श्रेणीवरून सहल ठरवू नये. मला स्वतःला लहान झरे जास्त आवडतात, कारण त्यांचा तळ दिसतो.

कधी जायचं

झऱ्याच्या पाण्याचं तापमान साधारणपणे त्या परिसराच्या हवेच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाइतकं असतं आणि फारसं हलत नाही. काकिताचं पाणी १५ अंश सेल्सिअसच्या आसपास, चीनमधल्या जिनान शहरातल्या बाओतू झऱ्याचं १८, बार्टनचं २० ते २१. त्यामुळे तेच पाणी उन्हाळ्यात गार लागतं आणि हिवाळ्यात कोमट. थंडीच्या पहाटे झऱ्यावर वाफ तरंगताना दिसते ती यामुळेच. गर्दी सगळी उन्हाळ्यात लोटते, पण ज्याला झरा बघायचाय त्याने थंडीत जावं. पाणवेलींच्या मधून वाफ निघताना पाहणं आणि त्या वाफेत एखादा बगळा उभा असणं, हे उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या गोंगाटात मिळत नाही.

दिवस आठवड्याच्या मधला निवडा. जमत नसेल तर निदान फाटक उघडायच्या वेळी पोचा. शहराजवळची ही उद्यानं सुट्टीच्या दिवशी सकाळीच भरतात. फ्लोरिडातली कितीतरी झऱ्यांची उद्यानं गाड्यांची जागा संपली की फाटकच बंद करतात आणि मग दुपारपर्यंत रस्त्यात ताटकळावं लागतं.

प्रकाशाचंही बघा. सूर्य वर आला की उजेड तळापर्यंत पोचतो, साधारण दहा ते दोनच्या दरम्यान. सकाळी लवकर वाफ, पक्षी, शांतता मिळते, पण तळ अंधुक असतो. म्हणून लवकर जाऊन दुपारपर्यंत थांबणं सगळ्यात बरं, दोन्ही पदरात पडतं.

लांबलेला दुष्काळ असेल तर निघण्यापूर्वी झरा वाहतोय ना, याची खात्री करा. टेक्सासचे कोमाल झरे १९५६ च्या दुष्काळात पूर्ण आटले होते. बाओतूचं पाणी भूजलाच्या उपशामुळे कित्येकदा थांबलं. एकदा तर वर्षाहून जास्त काळ थांबलं आणि २००३ मध्ये पुन्हा वाहू लागलं. झरा कायमचा असतो हा आपला समज आहे. तो जमिनीखालच्या पातळीवर टिकून असतो, आणि ती पातळी माणसं पंपाने खाली नेऊ शकतात.

फोन करून काय विचारायचं

नियम प्रत्येक ठिकाणी निराळे असतात आणि बहुतेकांमागे पक्कं कारण असतं. फ्लोरिडाच्या ब्लू स्प्रिंग उद्यानात साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत पाण्यात उतरता येत नाही, कारण तेव्हा नदीचं पाणी गार पडतं आणि मॅनेटी हे अवजड, संथ जलचर झऱ्याच्या उबेला येऊन राहतात. वीस अंशांच्या खालचं पाणी त्यांना फार काळ सोसत नाही. बार्टनचा तलाव गुरुवारी बराच वेळ साफसफाईसाठी बंद असतो, कारण तिथं पाण्यात क्लोरीन टाकत नाहीत. न्यूझीलंडमधल्या ते वाइकोरोपुपू झऱ्याच्या पाण्याला हातसुद्धा लावायचा नाही. माओरी समाजासाठी ते पवित्र आहे, आणि १९९३ मध्ये त्या पाण्यात ६३ मीटरपर्यंत आरपार दिसतं असं मोजलं गेलं होतं. फ्लोरिडातल्या झऱ्यांच्या इचेटकनी नदीवर एकदा वापरून फेकायच्या बाटल्या आणि डबे न्यायला बंदी आहे.

म्हणून जाण्याआधी एक फोन करा आणि एवढं विचारा: पाण्यात उतरता येतं का, कुठं आणि कोणत्या महिन्यांत, पाण्याची शेवटची तपासणी कधी झाली आणि काय निघालं, एका दिवशी किती माणसं सोडतात, आधी नोंदणी लागते का, कपडे बदलायची सोय आहे का, चालता न येणाऱ्या माणसाला उगमापर्यंत नेता येतं का. तपासणीच्या प्रश्नाला चटकन उत्तर मिळालं तर समजावं, त्या ठिकाणी पाण्याकडे कुणाचं तरी लक्ष आहे.

जायचं कसं, हेही तेव्हाच ठरवून टाका. शहराजवळच्या झऱ्यांपर्यंत बस किंवा ट्राम पुष्कळदा जाते आणि शेवटचा पट्टा चालायचा असतो. सारायेव्होच्या झऱ्याकडे जाणारा झाडांचा लांब रस्ता सुमारे साडेतीन किलोमीटरचा आहे, दुतर्फा जुने चिनार आणि चेस्टनट. तिथं पायी, सायकलने किंवा घोडागाडीने जातात. असा रस्ता असेल तर गाडीचा विचार सोडा. चालत गेलेल्या माणसाला पाण्याचा आवाज आधी ऐकू येतो.

पिशवीत काय असावं

जुने बूट, रबरी तळाचे, बोटं झाकणारे. ही सगळ्यात महत्त्वाची वस्तू. झऱ्याच्या काठचे दगड शेवाळाने बुळबुळीत असतात आणि चपला पहिल्या पाच मिनिटांत वाहून जातात. मी माझ्या डोळ्यांदेखत तीन जोड वाहून गेलेले पाहिले आहेत.

उन्हापासून बचावाला क्रीमपेक्षा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि टोपी चांगली. अंगावरचं क्रीम पाण्यात उतरतं, आणि उगमाजवळच्या लहानशा जागेत दिवसाला शेकडो माणसं उतरत असतील तर ते सगळं तिथल्या जिवांच्या अंगावर जातं. क्रीम लावायचंच असेल तर अर्धा तास आधी लावून अंगात मुरू द्यावं.

प्यायचं पाणी घरचं न्या. सुके कपडे आणि दोन टॉवेल, त्यातला एक फक्त काठावर बसायला. कचऱ्याची पिशवी. आणि ध्रुवित काचांचा गॉगल, ज्याला दुकानात 'पोलराइज्ड' म्हणतात. पाण्यावरची चकाकी तो कापतो आणि एकदम तळ उघडा होतो. मात्र सरळ खाली बघू नका, थोडं तिरकं बघा. हळूहळू मान कलती करा, एका कोनात पृष्ठभाग जणू पुसला जातो. फोटो काढणाऱ्यांनी लेन्ससाठी असाच फिल्टर घ्यावा, नाहीतर घरी आल्यावर फोटोत आकाशाचं प्रतिबिंब तेवढं दिसतं.

जमलं तर एक साधा थर्मामीटर, दोरी, छोटी मोजपट्टी आणि वही. कशासाठी ते पुढे येतंच.

पोचल्यावरची पहिली वीस मिनिटं

सामान एका जागी ठेवा आणि उगमाकडे चला. पाण्यात कुणी उतरण्याआधी. पन्नास माणसं उतरली की तळाचा गाळ उठतो आणि पुढचे काही तास त्या ठिकाणी काही दिसत नाही.

काठाशी उकिडवं बसा आणि प्रथम वाळू शोधा. खालून येणारं पाणी वाळूचे कण अधांतरी धरतं, ती जागा उकळत्या भाताच्या पातेल्यासारखी दिसते. एक सापडली की आजूबाजूला आणखी दिसायला लागतात. खोल झऱ्यात वाळू दिसणार नाही, तिथं पृष्ठभाग बघा. वाऱ्याने उठलेल्या लाटा एका दिशेने जातात. खालून आलेल्या पाण्याचा गुळगुळीत फुगवटा एकाच जागी राहतो, काचेच्या उलट्या वाटीसारखा. तिसरी खूण पाणवेली. त्या ज्या बाजूला वाकलेल्या असतात त्याच्या उलट दिशेला उगम असतो.

मग रंग. स्वच्छ पाणी प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतं आणि निळा परत पाठवतं. म्हणून निळाई खोलीबरोबर वाढत जाते. रंग हिरवट असेल तर शेवाळ किंवा पाणवेली, तपकिरी असेल तर कुजलेल्या पानांचा अर्क. फलकांवर यातलं एखादंच वाक्य असतं, पण वीस मिनिटं नुसतं बघितलं तर हे आपलं आपल्याला कळतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. उगमाच्या अगदी तोंडाशी मासे पुष्कळदा कमी असतात. इतके दिवस जमिनीखाली राहिलेल्या पाण्याला हवा लागलेली नसते, त्यात प्राणवायू कमी असतो. ओहोळ दगडांवरून पन्नास-शंभर मीटर खळाळत गेला की पाण्यात हवा मिसळते आणि माशांची संख्या वाढते. म्हणून उगमानंतर काठाकाठाने खाली चालत जा. बार्टनच्या झऱ्यात तर एक सॅलॅमँडर राहतो, म्हणजे पालीसारखा दिसणारा, बेडकाच्या वर्गातला प्राणी, बोटभर लांबीचा, पाण्याबाहेर कधी न येणारा. तो जगात फक्त त्या परिसरातल्या झऱ्यांत आहे आणि १९९७ पासून संकटग्रस्त म्हणून संरक्षित आहे. हजारो माणसं त्याच्या घरात पोहून जातात. दगड उलटे करायचे नाहीत, या नियमामागे असे जीव असतात.

झरा किती पाणी देतो, ते स्वतः मोजा

मुलं बरोबर असतील तर हे नक्की करा. मोठ्यांनाही आवडतं.

ओहोळाचा जरा सरळ तुकडा निवडा, जिथं काठावरून किंवा पुलावरून मोजता येईल आणि पाण्यात उतरणं मना नाही. काठाने दहा मीटर मोजून दोन खुणा करा. वरच्या खुणेपाशी वाळकं पान सोडा आणि खालच्या खुणेपर्यंत पोचायला किती सेकंद लागतात ते बघा. तीन-चार पानं सोडून सरासरी काढा. रुंदी मोजपट्टीने घ्या. खोली दोरीला दगड बांधून काठापासून काठापर्यंत पाच ठिकाणी घ्या, तिचीही सरासरी काढा.

समजा रुंदी ३ मीटर, सरासरी खोली ०.४ मीटर आणि पानाला २० सेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदाला अर्धा मीटर. तिन्हींचा गुणाकार ०.६ घनमीटर. पण पान पृष्ठभागावर धावतं आणि तळाशी पाणी घर्षणाने रेंगाळतं, म्हणून त्या आकड्याला ०.८५ ने गुणायचं. उत्तर ०.५१ घनमीटर, म्हणजे सेकंदाला पाचशे लिटर. एक बादली वीस लिटरची धरली तर दर सेकंदाला पंचवीस बादल्या. दिवस, रात्र, आपण घरी झोपलेलो असतानाही. हा हिशेब वहीत मांडून झाल्यावर मुलं झऱ्याकडे निराळ्या नजरेने बघतात.

त्याच वेळी थर्मामीटर दोन ठिकाणी बुडवा: उगमाशी आणि खाली जिथं ऊन पडतं तिथं. फरक लिहून ठेवा.

पाण्यात उतरताना

इथं घाई करू नका, आणि हा भाग वगळू नका.

पाणी जितकं स्वच्छ, तितकी खोलीची फसगत मोठी. प्रकाश वाकल्यामुळे वरून बघताना तळ खऱ्या खोलीच्या साधारण तीन चतुर्थांश अंतरावर दिसतो. तीन मीटर वाटलं तर ते चार असतं. पाय टेकतील म्हणून उतरलेल्या माणसाचे पाय टेकत नाहीत. पोहता न येणाऱ्यांनी फक्त दोरीने आखलेल्या उथळ भागात राहावं, आणि मुलांच्या बाबतीत एक मोठा माणूस हाताच्या अंतरावर असावा, काठावर फोन घेऊन बसलेला नव्हे. उलट बाजूही आहे: कडेला खडकाचे उंचवटे असतात, म्हणून सूर मारायचा नाही. कधीच नाही, वरून कितीही खोल दिसो.

गार पाण्यात एकदम उडी घेतली की छाती आपोआप मोठा श्वास ओढते. तो आपल्या हातात नसतो. तोंड त्या क्षणी पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. म्हणून पायऱ्यांनी उतरा, आधी मनगटं आणि मान ओली करा, कमरेइतक्या पाण्यात उभं राहून श्वास संथ होऊ द्या. एक-दोन मिनिटांत धाप जाते. मगच पोहा. पंधरा अंशांच्या आसपासच्या पाण्यात पोहायची सवय नसेल तर दहा मिनिटं पुरेत. ओठ निळसर दिसले, बोटं नीट मिटेनाशी झाली की बाहेर. हृदयविकार किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी असं पाणी पायापुरतंच ठेवावं.

चुनखडीच्या झऱ्यात पाण्याखाली पुष्कळदा गुहेचं तोंड असतं. वरून ते एखाद्या काळ्या दारासारखं दिसतं आणि पोहणाऱ्याला ओढ लावतं. आत जायचं नाही. श्वास रोखून डोकावायलाही नाही. आत गाळ एका पायाच्या फटकाऱ्याने उठतो, बाहेरचा उजेड दिसेनासा होतो आणि वर जायचं तर डोक्यावर खडकाचं छत. फ्लोरिडातल्या अशा गुहांच्या तोंडाशी पाण्याखाली मृत्यूच्या चित्राची पाटी लावलेली आहे. गुहेचं खास प्रशिक्षण नसलेल्यांनी इथून पुढे जाऊ नये असं तिच्यावर लिहिलंय. ती पाटी लावायची वेळ आली, कारण उत्तम पाणबुडेही आत गेले आणि परतले नाहीत.

पाणवेलींवर उभं राहू नका. पाय ठेवायचा तर वाळूवर किंवा मोकळ्या खडकावर. एकदा उपटलेली वेल परत रुजायला फार वेळ घेते, आणि तिच्या मुळांनी धरलेली वाळू तोवर वाहून जाते. साबण, शाम्पू तर लांबच ठेवा. झऱ्यात नाणी टाकायचा मोहही टाळावा, ती धातूची आहेत आणि पाण्यातच राहतात.

झऱ्याचं पाणी प्यावं का?

'पिण्यायोग्य' अशी अधिकृत पाटी नळापाशी असेल तरच. नितळ म्हणजे निर्मळ नव्हे. जंतू आणि नायट्रेट दिसत नाहीत. शेतातली खतं आणि घरांचे शोषखड्डे यांतलं नायट्रेट भूजलात उतरतं आणि झऱ्यात येतं. फ्लोरिडाच्या सिल्व्हर स्प्रिंग्जमध्ये तेच झालं आणि पाणगवतावर शेवाळाचे थर चढले. उगमाजवळ दगडांवर केसांसारखं लांब हिरवं शेवाळ खूप दिसलं तर वरच्या अंगाला कुठं तरी खत किंवा सांडपाणी मुरतंय, असं समजायला हरकत नाही. उद्यानाच्या माणसांना तसं विचारा. त्यांना असा प्रश्न विचारणारं कुणी भेटलं की ते मनापासून सांगतात.

गरम पाण्याचा झरा असेल तर

बांधलेल्या कुंडातच उतरा, आणि आधी तापमानाची पाटी वाचा. दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर या, पाणी प्या, पुन्हा वाटलं तर उतरा. गरोदर स्त्रिया, हृदयविकाराचे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. डोकं पाण्याखाली घालू नका. उबदार पाण्यात एक अमीबा वाढू शकतो, तो नाकावाटे मेंदूपर्यंत पोचतो. तो संसर्ग अगदी विरळा, पण बहुतेक वेळा जीवघेणा. नाक पाण्याबाहेर ठेवलं की तो धोका जवळजवळ संपतो. आखलेल्या वाटेबाहेर पाय टाकू नका, गरम झऱ्याभोवतीचा पापुद्रा पातळ असतो आणि खाली उकळतं पाणी असू शकतं.

निघताना आणि घरी आल्यावर

निघण्याआधी बुटांचे तळ, मोजे, टॉवेल, तरंगायची रिंग सगळं काठावर झटकून बघा. वेलीचा तुकडा, गोगलगाय, चिखल काही चिकटलं असेल तर तिथंच सोडा. घरी आल्यावर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, आणि हाताला कोरडं लागल्यानंतरही आणखी दोन दिवस वाळू द्या. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या झऱ्यावर जाणार असाल तर हे टाळता येत नाही. न्यूझीलंडमध्ये २००४ साली डिडिमो नावाचं सूक्ष्म शैवाल सापडलं. ते एका ओल्या बुटातून एका नदीतून दुसरीत जाऊ शकतं, म्हणून तिथं 'तपासा, स्वच्छ करा, वाळवा' हे प्रत्येक नदीकाठी सांगतात.

वही त्याच रात्री पूर्ण करा, दुसऱ्या दिवशी आकडे विसरतात. तारीख, शेवटचा पाऊस कधी झाला, उगमाचं तापमान, पानाचे सेकंद, आणि कठड्याच्या एखाद्या ठरावीक दगडापासून पाणी किती बोटं खाली होतं. मग सहा महिन्यांनी, उलट ऋतूत, त्याच दगडापाशी जाऊन पुन्हा बोटं मोजा. आमच्या वहीत भाचीच्या हातचे दोन आकडे आहेत: आधीच्या खेपेला चार बोटं, नंतरच्या खेपेला सात. तापमान मात्र दोन्ही वेळा तेच.